दुसऱ्या खुर्चीवरचा कोच

क्लेबर्न कॉलेज, इंडियाना
१४ एप्रिल १९७४

प्रिय ताई,

बातमी वाईट आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो. प्रुइट साहेब निवृत्त झाले आणि बास्केटबॉल संघाच्या कोचची त्यांची जागा मला मिळाली नाही.

बारा वर्षं मी त्या माणसाच्या शेजारच्या खुर्चीवर बसलो. प्रत्येक सामन्याआधी समोरच्या संघाची कुंडली मी मांडली. हरल्यावर कोपऱ्यात तोंड लपवणाऱ्या पोरांना कॉफी पाजून मी पुन्हा उभं केलं. प्रुइट गेले की मर्ल, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. मीही धरलं होतं. परवा अध्यक्षांनी बोलावलं तेव्हा नवा टाय बांधून गेलो. ते म्हणाले, "मर्ल, आपण बाहेरून माणूस आणतोय. डेल रॅफर्टी. नाव ऐकलं असशीलच."

ऐकलं कसलं, इंडियानात ते नाव न ऐकलेलं कुत्रंसुद्धा नसेल. खेळायचा तेव्हा पेपरात रोज फोटो. पण कोच म्हणून त्याने आजवर कुणाला बुटाची नाडी बांधायलाही शिकवलेली नाही.

मग म्हणाले, "तुझ्यासाठीही काम आहे. कायदा बदललाय, आता मुलींचाही संघ काढावा लागणार. तू बघशील ना?" रडणाऱ्या पोराच्या हातात खेळण्याऐवजी रिकामं खोकं द्यावं, तसं.

मी "विचार करून सांगतो" म्हटलं. विचार झाला आहे. मुलींचा संघ मी घेणार नाही. वेल्मरच्या धान्य सोसायटीत माणूस हवाय असं गेरिट दाजी ख्रिसमसला म्हणत होते. जागा अजून असेल तर माझं नाव सांगून ठेव. आई गेल्यावर तूच मला वाढवलंस. आता पुन्हा एकदा वाढव, दुसरं काय!

तुझा मर्ल

~

वेल्मर, आयोवा
२० एप्रिल १९७४

मर्ल,

'प्रिय' लिहायला आज हात धजत नाही. ते शेवटी लिहीन.

सोसायटीतली जागा भरली. भरली नसती तरी तुला सांगितली नसती. रॅफर्टीचं ऐकून जीव तुटला. ती जागा तुझी होती आणि झाला तो अन्याय आहे. हे एकदाच लिहिते. रोज म्हणत बसलं की अन्याय कमी होत नाही, पित्त वाढतं.

आता दुसरं. 'मुलींचा संघ मी घेणार नाही' हे तू लिहिलंस कुणाला, शुद्ध आहे का? मला! गोठ्याच्या मागे उभं करून तुला चेंडू झेलायला कुणी शिकवलं? बाबांनी? बाबांना चेंडू आणि भोपळा यातला फरक कळत नव्हता. १९५० साली आम्ही वेल्मरच्या पोरी राज्य स्पर्धेसाठी दे मॉइनला गेलो तेव्हा गावातलं एक दुकान उघडं नव्हतं. न्हाव्याने दारावर पाटी लावली होती, 'दाढी वाढू द्या, पोरी खेळतायत.' तू घसा बसेपर्यंत ओरडलास. मग मे महिन्यात शाळा संपली आणि माझा खेळही संपला. शिक्षिका व्हायला ज्या कॉलेजात गेले तिथे मुलींना बास्केटबॉल नव्हता, दोरीवरच्या उड्या होत्या. अठराव्या वर्षी निवृत्त झाले मी. प्रुइट साहेबांना निदान निरोपाचं जेवण तरी मिळालं असेल.

रिकामं खोकं म्हणतोस. त्या खोक्यात बसलेल्या पोरींना विचार ते रिकामं आहे का.

एक वर्ष घे. मग भांडू.

तुझी (आणि तू प्रियच आहेस, गाढवा)
आर्लिस

गेरिट म्हणतो, शिव्या कमी घाल. मी कमीच घातल्या आहेत.

~

क्लेबर्न
१६ फेब्रुवारी १९७५

प्रिय ताई,

तुझ्यावरचा राग आत्ता कुठे गेला, म्हणून लिहितो.

आम्हाला जिम मिळते ती मुलांचा सराव झाल्यावर, आणि नाटकवाल्यांना नको असेल तर. अंगावर मुलांचे जुने शर्ट. आमच्या बुटक्या मार्सीचा शर्ट गुडघ्यांपर्यंत येतो. ती म्हणते, "कोच, यावर पट्टा बांधला तर मी चर्चलाही जाऊ शकते." बस नाही. कॉलेजची व्हॅन आहे, ती मी चालवतो. मागे पोरी गाणी म्हणतात, आणि बेसूर म्हणतात.

सुरुवातीचे सगळे सामने हरलो. एक तर असा हरलो की समोरच्या कोचने नजर चुकवून हात मिळवला. मी पोरींना म्हटलं, "छान प्रयत्न केलात गं." दुसऱ्या दिवशी डोरीन स्काइल्स माझ्या टेबलासमोर उभी. खाणीकडच्या गावातली पोर. बाप, काका, आजोबा, सगळे कोळशातले. संघातली सगळ्यात चांगली, आणि सगळ्यात तोंडाळ.

"कोच, तुम्हाला आमचा राग येत नाही का?"

"का यावा?"

"गेल्या वर्षी मी गॅलरीत बसून तुमचा सराव ऐकायचे. तुम्ही मुलांवर ओरडलात की खिडक्या हलायच्या. आणि आम्हाला म्हणे 'छान प्रयत्न'! आम्ही काय पाहुण्या आहोत?"

ताई, खरंच मी त्यांना पाहुण्यांसारखं वागवत होतो. घरात चार दिवस राहतील आणि जातील, कशाला वाईट बोला, असं.

त्या दिवशी सरावाला ओरडलो. खिडक्या हलल्या. एक पोर रडली, मार्सीने कानांवर हात ठेवले, आणि डोरीन अशी हसली की जणू तिचा वाढदिवस आहे. शनिवारी आम्ही जिंकलो. व्हॅनमध्ये मीही गायलो.

एक वर्ष म्हणाली होतीस. दुसरं मी स्वतःहून मागून घेतलं आहे. आता भांडायला काही उरलं नाही.

तुझा मर्ल

~

वेल्मर
९ नोव्हेंबर १९७५

प्रिय मर्ल,

इतके महिने उत्तर दिलं नाही. मक्याची कापणी, शाळा, कोंबड्या, कारणं हवी तितकी आहेत. तुझं पत्र मी शाळेच्या स्वयंपाकाच्या वर्गात पोरींना वाचून दाखवलं. डोरीनचं वाक्य ऐकून त्यांनी डाव वाजवले.

बरं, एक विचारायचं होतं. शेजारच्या ग्रेटाची मुलगी शाळेच्या संघात आहे. ती बुटकी आहे आणि तिला नेहमी उंच मुलीला रोखायला लावतात. अशा वेळी काय सांगावं? आणि कोच खुर्चीवर बसतो तेव्हा हातांचं काय करतो? म्हणजे, ग्रेटालाच कुतूहल आहे.

उन्हाळ्यात ये. थंडीत येऊ नकोस, रस्ते वाईट आहेत.

तुझी आर्लिस

~

दे मॉइन, हॉटेलातून
१८ मार्च १९७९

प्रिय ताई,

आमच्यासाठी एखादी उंच पोर मिळते का बघायला मी इथल्या राज्य स्पर्धेला आलो. तुला कळवलं नाही. म्हटलं, परतताना वेल्मरला येऊन चकित करू. काल आपल्या शाळेचा संघ मैदानात आला, मी उभं राहून टाळ्या वाजवल्या आणि बघतो तर पहिल्या खुर्चीवर, तपकिरी कोट घालून, पर्स मांडीवर घेऊन, माझी सख्खी बहीण!

शेजारच्याला विचारलं, "त्या बाई कोण?"

तो म्हणाला, "आर्लिस बूमगार्डन. तुम्ही आयोवाचे दिसत नाही."

मी आयोवाचा दिसत नाही!

ग्रेटाची मुलगी कशी आहे गं? गेली चार वर्षं मी त्या पोरीला पत्रातून शिकवतोय. उंच मुलीला रोखायला शिकवलं, दमलेल्या संघाचा वेळ काढायला शिकवलं, रुसलेल्या खेळाडूची समजूत घालायला शिकवलं. इतकी वर्षं ती पोरगी शाळेतच कशी, हे या शहाण्याला एकदाही सुचलं नाही.

पंचाने तुमच्याविरुद्ध शिटी मारली तेव्हा तू ताडकन उठलीस, पर्स पडली, लिपस्टिक घरंगळत मैदानात गेली. तू ओरडलीस, "तुझी आई इथे असती तर तोंड लपवून बसली असती!" मी सगळ्यात वरच्या रांगेत होतो, तिथवर ऐकू आलं. एका गुणाने हरलात. मी खाली आलो नाही. पोरी तुला बिलगून उभ्या होत्या आणि तिथे माझं काही काम नव्हतं. खरं सांगू? थोडं लागलंही. मला का नाही सांगितलंस?

आता माझी बातमी. रॅफर्टी गेला. अध्यक्षांनी मुलांचा संघ मला देऊ केला आहे. पहिली खुर्ची, ताई. मुलींचा संघ डोरीन सांभाळू शकेल. दोन वर्षं ती माझी सहायक आहे आणि माझ्याहून जास्त ओरडते. या आठवड्यात उत्तर द्यायचं आहे. काय करू?

मर्ल

~

वेल्मर
२१ मार्च १९७९

प्रिय मर्ल,

बहिणीला वरच्या रांगेतून बघतोस आणि खाली येत नाहीस! गेरिट इतका हसला की त्याला ठसका लागला. म्हणतो, माझ्यापायी तो आयुष्यभर पुरेल इतकं खोटं बोललाय. उन्हाळ्यात तू यायचास तेव्हा भिंतीवरचा संघाचा फोटो काढून तो खुराड्यात ठेवायचा. एकदा त्यावर कोंबडीने अंडं घातलं.

का नाही सांगितलं? तू हसशील म्हणून नाही. तू येशील म्हणून. हातात खडू घेऊन आला असतास, मायेने आला असतास, आणि मला कळायच्या आत तो संघ तुझा झाला असता. तुझा स्वभावच तो, आणि तू कामात चांगला आहेस. पण एक गोष्ट मला माझी मी बिघडवून बघायची होती. बिघडवली, दुरुस्त केली, आणि दे मॉइनपर्यंत नेली. तुझे सल्ले वापरले, त्यातले निम्मे आमच्या सहा जणींच्या खेळात बसत नव्हते, ते तुला न सांगता टाकून दिले.

'काय करू' याचं उत्तर देणार नाही. मागच्या वेळी दिलं, कारण तू चिडलेला होतास आणि चिडलेल्या माणसाला दुसऱ्याचं डोकं लागतं. आता तू शांत आहेस. ती खुर्ची तुला तेव्हा हवी होती. अजून हवी आहे का, एवढंच स्वतःला विचार.

तुझी आर्लिस

~

क्लेबर्न
२ एप्रिल १९७९

ताई,

हवी होती. घेतली.

पोरींना सांगितलं. वाटलं होतं रडतील. डोरीन म्हणाली, "अभिनंदन, कोच. मग उद्याचा सराव मी घेते," आणि शिटीसाठी हात पुढे केला. दुसरी म्हणाली, "व्हॅन कोण चालवणार?" बस्स. रडू मलाच आलं, ते मी पार्किंगमध्ये जाऊन उरकलं.

'बरं केलंस' असं एका ओळीचं पत्र पाठव. खोटं असलं तरी चालेल.

मर्ल

~

क्लेबर्न
११ मार्च १९८३

प्रिय ताई,

चार वर्षांत मी तुला वाढदिवसाच्या कार्डांपलीकडे काही पाठवलं नाही. त्यावरून तू काय ते ओळखलं असशील. काल अध्यक्षांनी मला काढलं. चांगल्या शब्दांत काढलं, पण काढलं.

संघ हरत होता, हे खरं. पण त्याहून खरं ते मी तुलाच सांगू शकतो. पहिल्या खुर्चीवर बसल्यावर मला पोरं दिसेनाशी झाली. नुसता गुणफलक दिसायचा. प्रुइट साहेबांच्या शेजारी बसून मला कळायचं की अमुक पोराचा आज बापाशी वाद झालाय, तमक्याचा घोटा दुखतोय आणि तो लपवतोय. पहिल्या खुर्चीवर आल्यावर देणगीदार कळायचे, वार्ताहर कळायचे. माझा कर्णधार वर्षभर आजारी आईला बघायला दर रविवारी घरी जात होता. मला ते त्याच्या निरोप समारंभात कळलं.

आज ऑफिस आवरत होतो. डोरीन आली. तिच्या संघाने तीनदा राष्ट्रीय स्पर्धा गाठली आहे, हे तुला माहीत असेलच. खोक्यावर बसली आणि म्हणाली, "माझ्याकडे सहायकाची जागा आहे."

"चांगला माणूस बघ. कुणी आहे का डोळ्यासमोर?"

"आहे. खोकी भरतोय."

मी म्हटलं, "डोरीन, लोक हसतील. तू माझी खेळाडू होतीस."

"हसू देत. कोच, पोरगी चूक करायच्या आधी तुमचा चेहरा बदलतो. मी खेळायचे तेव्हा चेंडूकडे नाही, तुमच्या चेहऱ्याकडे बघायचे. तिकडे गेल्यापासून तुम्ही तो चेहरा इस्त्री करून बसता. मला तो शेजारी हवाय, चुरगळलेला." दारापर्यंत गेली आणि वळली. "आणि हो, चारचौघांत मला कोच म्हणायचं."

मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे, ताई. मागच्या वेळी तू उत्तर दिलं नाहीस. आता मी चिडलोही आहे आणि माझं डोकंही चालत नाही. काय करू?

मर्ल

~

वेल्मर
१५ मार्च १९८३

प्रिय मर्ल,

जा.

पत्र इथेच संपवणार होते, पण गेरिट म्हणतो, पोराच्या वर्मी लागलंय, दोन शब्द गोड लिही.

तर ऐक. पहिल्या खुर्चीवर तू पडलास, याचं मला वाईट वाटतं. तिथे बसून बघितलंस, याचं नाही वाटत. न बसतास तर म्हातारपणी मला पत्रं लिहून छळलं असतंस. पण घोडा नांगराला चालत नाही म्हणून त्याला कुणी वाईट म्हणत नाही. तू माणसं बघणारा आहेस. ज्याला माणसं बघायची असतात त्याला थोडं बाजूला बसावं लागतं.

तुझ्या डोरीनला सांग, माझ्या संघातली उंच रोंडा आयलर्स तिच्याकडे येतेय. रोंडाच्या आईने मला विचारलं, "तिथली कोच कशी आहे?" मी म्हटलं, "तिला माझ्या भावाची किंमत कळते. यावरून काय ते ओळख."

रोंडाला घरची आठवण आली की ती जेवत नाही. लक्ष ठेव. पण तुला सांगायला कशाला हवं?

तुझी आर्लिस

~

वेल्मर
१४ मार्च १९९३

प्रिय मर्ल,

तुमचा संघ जिंकल्याचं रेडिओवर ऐकलं. रोंडा आता तिथे शिकवतेही, ऐकून ऊर भरून आला.

इथे काल आमचा शेवटचा सामना झाला. आमच्यापुरता नाही, सगळ्यांचाच. सहा जणींचा खेळ आयोवाने बंद केला. पुढच्या वर्षापासून पाच जणी, सगळ्या जगासारख्या. शाळेने विचारलं, शिकवाल ना? मी सांगितलं, दुसरं माणूस बघा.

तू माझ्याशी वाद घालणार म्हणून आधीच सांगते. मी रक्षक होते. तीन पोरी रेषेच्या या बाजूला अडवायला, तीन त्या बाजूला बास्केट करायला, आणि मधली रेष कुणी ओलांडायची नाही. मी आयुष्यात सामन्यात एकही बास्केट केलेलं नाही आणि माझं काही अडलं नाही. पाच जणींच्या खेळात सगळ्या सगळीकडे पळतात. मला तो येत नाही. एकसष्टाव्या वर्षी पोरींसमोर अडाणी ठरायची हौस नाही. कोट कपाटात ठेवला आहे.

तुझी आर्लिस

~

क्लेबर्न
२० मार्च १९९३

प्रिय ताई,

तुझं पत्र डोरीनला दाखवलं. रागावू नकोस. तिने ते दोनदा वाचलं आणि म्हणाली, "एक हंगाम सोडते तुम्हाला. उसने. बदल्यात मला रोंडासारखी आणखी एक पाहिजे."

तेव्हा शाळेत जाऊन सांग की शिकवणार आहेस. पहिली खुर्ची तुझी. मी शेजारी बसेन. विचारलंस तर बोलेन, नाही विचारलंस तर गप्प. दहा वर्षं मी हेच करतोय, आणि सांगायला लाज वाटत नाही, या राज्यात माझ्याइतकं चांगलं ते कुणी करत नाही.

खोली तयार ठेव. खुराड्यात नको.

तुझा मर्ल

~

वेल्मर
५ डिसेंबर १९९३

प्रिय डोरीन,

आपण कधी भेटलो नाही, पण गेली वीस वर्षं मी तुझी वाक्यं लोकांना ऐकवतेय, म्हणून अगं-तुगं करते.

तुझा माणूस सुखरूप आहे. दोनदा वाढून घेतो. पहिल्या आठवड्यात इतका गप्प बसला की मीच भडकले. "बोल की रे!" म्हटलं. तर म्हणतो, "तू विचारलं नाहीस." मी म्हटलं, "हे बघ, विचारलं." मग जो सुरू झाला, तो गेरिटने जेवायला हाक मारली तेव्हा थांबला. मला पहिल्यांदा कळलं की पाच जणींचा खेळ अवघड नाही, नुसता मोठा आहे.

काल आमचा पहिला सामना झाला. जिम भरली होती. निम्मे लोक नवा खेळ कसा फसतो ते बघायलाच आले होते. माझी एक रक्षक आहे, टेना फोल्कर्ट्स. दहा वर्षांची असल्यापासून अडवणं हेच तिचं काम. दुसऱ्या अर्ध्यात तिने समोरच्या पोरीकडून चेंडू पळवला. पुढे मैदान मोकळं, चिटपाखरू नाही. पळत सुटली, आणि मधल्या रेषेपाशी गचकन थांबली. बूट किंचाळले. तिथेच उभी राहून चेंडू आपटतेय आणि माझ्याकडे बघतेय.

मी उठून उभी राहिले. डोरीन, तुला सांगते, ती रेष मला माझ्या पायांपुढे दिसत होती. मला वाटलं, आता मर्ल ओरडेल. त्याचा आवाज तुला माहीत आहे. पण तो ओरडला नाही. माझ्या कोपराला हात लावून हळूच म्हणाला, "ताई, पोर तुझी आहे. तू सांग."

मग मी ओरडले. "जा गं!" खिडक्यांचं माहीत नाही, पण पंच दचकला.

ती गेली. सगळं मैदान पार करून गेली, चेंडू फेकला, तो फळीवर आदळून बाहेर आला. बास्केट झालं नाही. आणि वेल्मरचे ते म्हातारे, जे हसायला आले होते, ते खुर्च्यांवर चढून टाळ्या वाजवत होते. आम्ही सपाटून हरलो. टेना येऊन विचारते, "आर्लिस बाई, धावता धावता नेम कसा धरायचा?" आता मी काय सांगणार? मलाच कुठे येतं!

म्हणून आज चर्चनंतर आम्ही दोघी जिममध्ये गेलो आणि मर्लने आम्हाला रांगेत उभं केलं. आधी टेना, मग मी. तिचे तीन गेले. माझा एक.

आज माझे पाय आखडले आहेत, हातही. तरी उद्या परत जायचं आहे.

तुझी
आर्लिस बूमगार्डन